साठ आकडे आणि एक चौकट

खुंटीवर दुखरा हात अडकवायची निळी झोळी. तिच्या पट्ट्यावर बॉलपेनाने काढलेला एक छोटा भाला.

सरसाने चिकटवलेला सांधा सुकेपर्यंत त्याला आवळून धरणारा क्लॅम्प काढायचा नाही. सुतार कारखान्यात हे दिवसातून दहा वेळा ओरडतो.

एकपासून साठपर्यंत मोजायला एक मिनिट लागतं.

तीनशे माणसांनी एकदम टाळ्या वाजवल्या की पत्र्याचं छत थरथरतं.

ते छत स्टेडियममागच्या हॉलचं. त्याखाली हलकेबुवा. कफनी नाही, माळ नाही. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. म्हणून तर चांगले शिकलेसवरलेलेही रांगेत उभे. पोहणारे, कुस्तीवाले, बॅडमिंटनवाले, सगळे आपापला दुखरा खांदा सांभाळत आलेले.

"डॉक्टर काय करतो? कापतो! मी काय करतो? भार काढतो!" बुवा गरजला. "ऑपरेशननंतर हात जड का होतो? आत भीती भरलेली असते, भीती! किती किलो, ते मी सांगतो."

लोक हसले. सुतारही हसला आणि त्याने आपल्या मुलीला पुढे केलं.

मैदानावर तिला सगळे 'तोफ' म्हणत. भाला असा सुटायचा की पंच दोन पावलं मागे सरायचे. पण खांदा तीनदा निखळला, तेव्हा ऑपरेशन करून सांध्याच्या वाटीची फाटलेली कड हाडाला शिवून घेतली होती. त्याला सात आठवडे झाले होते. गर्दीत अजून झोळी घालायची होती. निवड चाचणी महिन्यावर आली होती, आणि फिजिओबाई म्हणाल्या होत्या, भाला पाच महिन्यांनी.

"बाबा, ताई रागावतील हं."

"रागावतील नाहीतर काय? त्यांचं दुकान बंद पडेल ना."

"बाबा, मला तुम्हाला एक दाखवायचंय..."

"नंतर दाखव. नंबर आला आपला."

झोळी त्यानेच काढली. बुवाने तिचा हात खाली सोडायला लावला आणि मनगटाची बाहेरची बाजू लोखंडी खांबाला टेकवली. "ढकल! बाहेर ढकल! सगळा भार खांबाला दे! मोजा रे!"

अख्ख्या हॉलने साठ मोजले.

"आता पुढे सरक. सोड!"

आणि हात उठला. तिने न उचलता. पाण्यात दाबलेलं बूच वर यावं तसा, सावकाश, थेट खांद्याच्या रेषेपर्यंत. पोरगी स्वतःच्याच हाताकडे परक्यासारखी बघत राहिली. छत थरथरलं. सुतार तर रडलाच.

"झाली मोकळी! उद्या जा आणि फेक, वाघिणी!"

दुसऱ्या दिवशी बाप तिला मैदानावर घेऊन गेला. भाला बारा मीटरवर पडला. ती त्याच्याआधी पडली होती.

हाडातले टाके सुटले होते. पुन्हा ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं, "वेणी घालता येईल, पिशवी उचलता येईल. भाला विसरायचा." तिने मान हलवली आणि पाण्याचा ग्लास डाव्या हाताने उचलला.

सुतार एकटाच फिजिओबाईंकडे गेला.

"ताई, चुकलं माझं. पण हात वर गेला होता हो! या डोळ्यांनी पाहिलं. ती शक्ती आली कुठून मग?"

बाई रागावल्या नाहीत. तेच त्याला जास्त लागलं.

"काका, या दारात उभे राहा."

आयुष्यात हजारभर चौकटी त्याने बसवल्या होत्या. असा एकीतही उभा राहिला नव्हता. हात खाली सोडून दोन्ही मनगटं चौकटीला टेकवली, बाहेर ढकलत राहिला. बाई मोजत होत्या. साठ.

"आता पुढे या. हात सैल सोडा."

त्याचे दोन्ही हात आपोआप वर निघाले.

"ताई... हे काय?"

"स्नायूला मिनिटभर जोराने ढकलायला लावलं की आपण थांबलो तरी त्याचं काम थोडा वेळ चालूच राहतं. तुमचा, माझा, कुणाचाही हात वर जातो. हात उठला हे खरं. आतला सांधा जुळला, हे खोटं."

"म्हणजे सरस ओला होता."

"हो."

"आणि क्लॅम्प मी काढला."



पुढच्या रविवारी सुताराने एक नवीकोरी चौकट हातगाडीवर घातली आणि हॉलच्या दाराबाहेर टेकू देऊन उभी केली.

"काय काका, बुवाच्या धंद्यात वाटेकरी?" रांगेतला एक पहिलवान म्हणाला.

"आधी उभा राहा. मग बोल."

पहिलवानाचे हात वर गेले. रांग खो खो हसली. मग आणखी एकाचे गेले, मग एका आजींचे. हसू हळूहळू बंद झालं.

बुवा शिट्टी फुंकत बाहेर आला. "श्रद्धा नसेल त्यांनी निघा इथून!"

"लाकडाला कुठे श्रद्धा असते, बुवा? तरी हात उठतोय." मग सुतार रांगेकडे वळला. आवाज चढला नाही. "चमत्कार दिसला तर बघा, टाळ्याही वाजवा. पण नंतर विचारा, हे झालं कसं? ज्याला विचारलेलं खपत नाही, त्याच्या हाती आपलं लेकरू देऊ नका. मी दिलं."

अर्धी रांग मोडली. अर्धी आत गेली.

बापाने तिला बुवासमोर उभं केलं त्याच दिवशी सकाळी, फिजिओबाईंच्या खोलीत, तोफेने पहिल्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा आपला हात स्वतःच्या बळावर खांद्यापर्यंत उचलला होता. बाबांना तेच दाखवायचं राहून गेलं होतं.