खाराच्या पोत्यातला काळा खडा

खण्ण!

भर दुपारी सारं घर निजलेलं असताना परातीत झालेला तो आवाज माझा होता. चतुराबाई पापडांसाठी लोणारचा खार चाळत होती आणि पोत्यातून मी घरंगळले. पाळण्यातली तिची लेक सुंद्रा दचकून रडायला लागली.

"लेकरू उठवलंस की गं, अवदसे!" म्हणत चतुराबाईने मला उचललं, उन्हात धरलं आणि बघतच राहिली. माझ्या काळ्या कडेतून मधासारखा उजेड येत होता.

मित्रांनो, मी काच आहे; पण बांगडीची नव्हे, कंदिलाचीही नव्हे. फार फार पूर्वी लोणारला आभाळातून एक धोंडा कोसळला. त्या तडाख्याने तिथला खडक वितळून उडाला. त्यातलाच मी एक शिंतोडा. हवेतच थिजले, म्हणून दिसते थेंबासारखी. युगानुयुगं मातीत पडून होते. जगणं काय असतं ते मात्र मला चतुराबाईच्या गावात, कुंभार पिंपळगावात कळलं.

शेजारची रहिमुन्निसा बाळंतपणात अडली, तेव्हा काही सुचेना म्हणून चतुराबाईने मला तिच्या मुठीत कोंबलं. "दाब घट्ट! हा फुटत न्हाई, तूबी फुटू नको." थोड्या वेळाने पोराचं रडणं ऐकू आलं, आणि गावाने मला अडल्या बाईचा खडा ठरवून टाकलं. खरं सांगते, जादू माझ्यात बिलकुल नव्हती. मी नुसती गार पडून असायचे. धीर त्या बायांचाच.

मला न्यायला कुणी आलं, की चतुराबाई "कुणासाठी?" असं विचारत नसे. अडलेलीचं नाव घेतलं की दृष्ट लागते म्हणतात. मागणाऱ्याने हात पुढे करायचा, तिने मला त्यावर ठेवायचं. अशी मी किती घरांत गेले आणि दर वेळी परत आले!

एके दिवशी तिचा धाकटा दीर रामकिसन धापा टाकत आला. "वैनी, खडा द्या. जल्दी!"

तिचे हात पिठाचे होते. तसेच पदराला पुसून तिने मला दिलं. सुंद्रा तेव्हा पाच वर्षांची होती. "काका, पळा!" असं तीच ओरडली.

तो पळाला, पण परतूरच्या डाकबंगल्याकडे. तिथे निजाम सरकारचे, हैदराबादचे एक बडे अधिकारी उतरले होते. त्यांना तऱ्हेतऱ्हेचे दगड जमवायचा शौक. त्यांनी मला भिंगाखाली धरलं. "वाह! ये तो आसमान की मार से बना शीशा है!" रामकिसनने कमरेत वाकून मला नजराणा म्हणून दिलं.

माझ्यासाठी मखमलीची पेटी आली. इतकं कौतुक कधी झालं नव्हतं, आणि इतकं एकटंही कधी वाटलं नव्हतं. मित्रांनो, एखादी वस्तू आवडली तर खुशाल जपा. पण ती कुणाच्या मुठीतून सुटून आली, तेवढं आधी बघा.

दोन दिवसांनी दिराचा माग काढत चतुराबाई सुंद्राला घेऊन बंगल्यावर आली. दाराशी रामकिसन उभा होता, छातीवर चपराशाचा नवाकोरा पट्टा.

"भाऊजी, गोजरबाईची सून अडल्ती. मी रिकाम्या हातानं उभी. समदा गाव म्हणून राह्यला, चतुरानं खडा दडवला!"

"हळू बोला, वैनी. साहेब हायेत."

"कुणासाठी नेल्ता, ते सांगा."

त्याने पट्टा सारखा केला. "तवा तुम्ही इचारलं न्हाई."

साहेब बाहेर आले. त्यांनी पेटी उघडून दाखवली. "बाई, ये तो तुम्हारे देवर ने खुशी से दिया."

चतुराबाईने हात पुढे केला. माझ्यापासून बोटभर अंतरावर तो थांबला. मग साहेबांनी हळूच झाकण लावलं.

अंधारात मला सुंद्राचा आवाज ऐकू आला.

"आई, आता कुणी कायबी मागाया आलं, तर आधी खरं-खोटं इचारायचं का गं?"