उन्हात टांगलेली चकती

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. पारदर्शक प्लास्टिकची, नखापेक्षा जराशी मोठी. माझं अंग म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. एका मोठ्या तावातून मला आणि माझ्या बहिणींना कापलं, प्रत्येकीवर क्रमांक कोरला.

माझं काम एकच. मार सोसायचा आणि तो लक्षात ठेवायचा. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. फरशीच्या भेगांतून तो बंद खोलीत शिरतो, साठतो, आणि वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर फुप्फुसांना धोका असतो. त्याच्यातून सुटलेले अल्फा कण माझ्यात घुसले की वाटेतले बंध तुटतात. तुटलेली साखळी पुन्हा जुळत नाही. वरून मात्र मी होते तशीच दिसते.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला एका पेल्यात बसवून पुस्तकबांधणी करणाऱ्या काकांच्या तळघरात टांगलं. काकांच्या आठ वर्षांच्या नातीला स्वतःची खोली हवी होती. बांधणीचं सामान वर हलवून तिचा पलंग तळघरात टाकावा की नाही, हे माझ्या अंगावरच्या खुणांवरून ठरणार होतं.

तीन महिन्यांनी बाईंनी मला परत नेलं आणि कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात काही तास ठेवलं. बंध तुटलेली जागा त्यात लवकर झिजते, तिथे बारीक खड्डा पडतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. बाईंनी खड्डे मोजले. फारच थोडे निघाले. खोली सुरक्षित असल्याचा अहवाल लिहून झाला. मी तळमळत होते, पण मला तोंड कुठे आहे?

पेला धुवायला घेताना बाईंचा हात थांबला. पेल्यावरच्या चिठ्ठीची शाई एका बाजूने उडाली होती. तळघराला तर खिडकीच नव्हती, मग ऊन लागलं कुठून? अहवाल तसाच ठेवून त्या काकांच्या घरी गेल्या.

त्यांनी चिठ्ठी दाखवली. काकू हळूच म्हणाल्या, "गिऱ्हाइकं येतात हो. भिंतीवर पेला लोंबकळलेला बरा दिसतो का? दुसऱ्याच दिवशी गच्चीत नेऊन टांगला. तुम्ही येणार म्हटल्यावर आदल्या दिवशी परत लावला."

"रिकामा पेला," काका म्हणाले. "आमच्या घरात त्याला कोण विचारतो?"

बाईंना हसू आलं. त्या म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. पोरीचा पलंग तेवढा थांबवा."

मग माझ्या बहिणीला तिथे टांगलं. या खेपेला काकू तिच्याजवळ केरसुणीसुद्धा जपून फिरवत. बहिणीच्या अंगावर माझ्या दसपट खड्डे निघाले. मग फरशीच्या भेगा बुजवल्या, हवा बाहेर खेचणारा पंखा बसला. तिसऱ्या चकतीवर थोडेच खड्डे निघाले, तेव्हा कुठे नातीचा पलंग खाली उतरला.

मी आता एका पाकिटात असते. पाकिटावर बाईंनी लिहिलं आहे, 'गच्ची'. नव्याने काम शिकायला येणाऱ्यांना त्या मला पहिल्यांदा दाखवतात. मी खोटं बोलले नव्हते, मित्रांनो. मी गच्चीचं खरं सांगत होते आणि ते तळघराचं समजलं गेलं. म्हणून मोजायला टांगलेल्या वस्तूला जागेवरून हलवू नका. आणि हललीच, तर काकूंसारखं सांगून टाका. आमच्या जखमा भरत नाहीत. निदान त्या कुठल्या जागेच्या आहेत, हे तरी खरं राहू द्या.