पायाचे फाटलेले पान

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. सुतळीने शिवलेली, कोपरे झिजलेली, आणि मधली बरीच पाने नसलेली. कोणी कागद शोधत माझ्याजवळ आले की आजही माझ्या अंगावर काटा येतो. का, ते ऐका.

मला बद्रुद्दीन यांनी शिवले. ते कर्जतजवळच्या कडावचे. वीस वर्षे ते बोटीवर गोऱ्या साहेबांचे खानसामा होते. साहेबांचे शब्द त्यांना ऐकू येत, पण अर्थ हाती लागत नसे. एखादा साहेब म्हणे, मी गळ्यापर्यंत बुडालोय, आणि बसलेला असे खुर्चीत, कागदांवर सह्या करत! अशी बोलणी ते माझ्यात टिपू लागले. एकेका अवयवाला त्यांनी एकेक पान दिले. वर डोक्याचे, दाताचे, पायाचे चित्र, खाली साहेबाचे बोलणे, आणि शेजारी आपल्या भाषेतला अर्थ.

गावी परतल्यावर त्यांनी लहानसे किराणा दुकान टाकले. दुपारी गिऱ्हाईक नसले की ते लेकीला, सफुराला माझ्यातून शिकवत. म्हणत, "आपुन डोला लागला म्हणतो. डोल्याला काय लागतं का गो? तसंच हाय हे." सफुरा खुदकन हसे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग बद्रुद्दीन वारले. सफुरा सासरी गेली. दुकान तिच्या थोरल्या भावाकडे, मुनाफकडे आले. मुनाफ दुष्ट नव्हता. पण दर्यापार बसऱ्याकडे सरकारची लढाई चालू होती, कागद मिळेनासा झाला होता, आणि त्याला पुड्या बांधायच्या होत्या. रोज सकाळी त्याची बोटे माझ्याकडे वळत. टर्रकन आवाज होई. एके दिवशी नाक गेले. मग कान गेला. आज माझ्यातले काय जाणार, या धास्तीत मी गल्ल्याशेजारी पडून असे.

गावातला पोशा त्या लढाईत सरकारी खेचरे हाकायला गेला होता. घरी त्याची आई जिजा आणि बायको जना. सात महिने त्याची काही खबर नव्हती. एका दुपारी जिजा इंग्रजी पत्र घेऊन आमच्या ओट्यावर आली. मागे जना होती, आणि शेजारची धोंडूबाईही. ओट्यावर चांगो बसला होता. तो कर्जतला दोन इयत्ता इंग्रजी शिकला होता.

"वाच रं बाबा," जिजा म्हणाली.

चांगोला अवयवांची नावे पाठ होती. बारीकसारीक शब्द तो सोडून देई. बोट ठेवत तो वाचू लागला. "साहेबानं लिवलंय. पोशा... डोकं ठेवलं. दाताची कातडी..." त्याने पत्र डोळ्यांजवळ नेले. "मंग घराकडचं जहाज. त्या दिवशी पाय थंड."

"कुणाचं पाय?"

"पोशाचं."

 मग धोंडूबाई हळूच म्हणाली, "पाय गार पडल्यावर काय ऱ्हातंय गं? जिजा, तुजा पोशा गेला."

जिजा मटकन खाली बसली. जनाने दोन्ही हात पदराखाली लपवले. धोंडूबाईला तिच्या बांगड्या दिसू नयेत म्हणून. पण धोंडूबाई म्हणालीच, "सांज व्हायच्या आत फोडाया लागतील. रीत हाय."

"नाय," जना कुजबुजली.

सफुरा तेव्हा माहेरी आली होती. आतून तिने सारे ऐकले आणि ती बाहेर आली. "मावशी, पत्र दाखवा."

"तुला काय कलतंय त्यातलं?" मुनाफ म्हणाला. तिने मला उचलले.

डोक्याचे पान होते. "डोकं ठेवलं म्हंजे घाबरला नाय, भान ठेवलं." दाताचे पानही होते. "दाताची कातडी म्हंजे जिवावरचं शेपटावर निभावलं. वाचला तो, मावशी!"

"आन् पाय?" धोंडूबाईने विचारले. "पाय तर शेवटी थंड पडलं ना?"

सफुराने पान उलटले. पायाचे पान नव्हते. शिवणीपाशी कागदाची बोटभर पट्टी तेवढी उरली होती. मुनाफने खाली मान घातली. मित्रांनो, त्या क्षणी मला मरण आले असते तर बरे झाले असते. ज्यासाठी मी जन्मले, तेच माझ्याजवळ नव्हते.

सफुराने डोळे मिटले. चूक झाली तर मेलेल्याला जिवंत म्हटल्याचे पाप तिच्या माथी. गप्प बसावे तर एका जिवंत माणसाची बायको विधवा होणार.

"मला शब्द आठवत नाय," ती शेवटी म्हणाली. "पन बाबा हे शिकवताना हसायचे. पयल्यांदा बोटीच्या शिडीवर चढताना माजेच पाय थंड पडले, म्हणायचे. मेल्यावर कोन हसंल? पोशा दर्याला भ्याला, मावशी. म्हणून त्या दिवशी जहाजात बसला नाय. जना, बांगड्या ऱ्हाऊ दे."

बांगड्या राहिल्या. पण पुढचे चार महिने फार वाईट गेले. बायका जनाकडे बघून कुजबुजत. पोशाची खबर लागेपर्यंत सफुरा सासरी परत गेली नाही. कोणी ओट्यावर आले की तिचा चेहरा उतरे.

मार्गशीर्षात, भाताची झोडणी चालू असताना, पोशा कर्जतहून चालत आला. वाळला होता, एका कानाने ऐकू येईनासे झाले होते. जिजाने त्याचे तोंडही पाहिले नाही. आधी वाकून त्याच्या पायांना दोन्ही हात लावले.

"ऊन हायेत," ती म्हणाली, आणि मग रडली.

पोशा ओशाळून हसला. "बोटीला लई भ्यालो गं, आये. दुसऱ्या खेपेला साहेबानं हाताला धरून चढवला."

मुनाफने त्यानंतर माझे एकही पान फाडले नाही. पण माझी भीती गेली नाही. त्या वर्षी अशी पत्रे किती घरांत गेली असतील! तिथे सफुरा नसेल, वाचणारा अर्धवट असेल, आणि अर्थ सांगणारे पान कुठेतरी मिरचीच्या पुडीला लागले असेल. तिथल्या बांगड्यांचे काय झाले असेल? म्हणून हात जोडून सांगते, मित्रांनो, कागद फाडण्याआधी एकदा वाचून बघा. आणि अर्धेच कळले असेल, तर तेवढ्यावर कोणाला मेलेला ठरवू नका.