सैतान जाळायची संध्याकाळ

रविवारी दुपारी कुशचा फोन यायचा, तो त्या रविवारी आला नाही. सुप्रभाताईंनी रिसीव्हर उचलून फोन चालू आहे ना ते पाहिलं. मग तो नेमका आत्ताच लावत असेल आणि आपणच लाइन अडवली, असं वाटून घाईघाईने खाली ठेवला.

कुश त्यांचा एकुलता एक. लंडनजवळच्या इल्फर्डलाच जन्मला, डॉक्टर झाला आणि सगळे नातेवाईक नको नको म्हणत असताना ब्रिटिश आर्मीत गेला. ऑक्टोबरपासून तो अफगाणिस्तानात होता. घरात त्याची बायको इर्मा, आठवा महिना लागलेली, आणि सुप्रभाताई. इर्मा ग्वाटेमालाची. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी कुश तिथल्या हॉस्पिटलात शिकायला गेला, तेव्हा ती तिथे नर्स होती. सासूसुनेचं बोलणं इंग्रजीत चाले. पण सुप्रभाताई वैतागल्या की मराठीवर यायच्या, आणि इर्माला ते बरोबर कळायचं.

तो दिवस सात डिसेंबरचा. इर्माच्या देशात त्या संध्याकाळी घरोघरी सैतान जाळतात. सगळे कोपरे झाडायचे, पलंगाखालची, कपाटामागची अडगळ बाहेर काढायची, दारापुढे ढीग रचायचा आणि वर सैतान ठेवून पेटवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी मेरीमातेचा सण, त्याआधी घर निर्मळ हवं. इर्माने जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा करून लालभडक सैतान बनवला होता. त्याची शिंगं अजून ओली होती, म्हणून तो रेडिएटरजवळ वाळत बसला होता.

"देवघराकडे तोंड करून नको ठेवूस गं," सुप्रभाताई सकाळी म्हणाल्या होत्या, आणि इर्माने हसून त्याला भिंतीकडे वळवलं होतं.

तीनच्या बातम्यांत सांगितलं: स्फोट, एक ब्रिटिश सैनिक ठार झाल्याचं वृत्त. लष्कराने दुजोरा दिलेला नाही. नाव नाही.

इर्माच्या हातातला झाडू थांबला. सुप्रभाताईंनी रेडिओ बंद केला, पुन्हा लावला, तोवर क्रिकेटच्या बातम्या सुरू झाल्या होत्या.

कुशने जाताना दोघींना समजावून सांगितलं होतं. कुणी गेलं की कॅम्पवरचे सगळे फोन बंद करतात, घरच्यांना कळवेपर्यंत. आणि घरच्यांना फोनवर कळवत नाहीत. माणसं घरी येतात.

आता सुप्रभाताईंना बसवेना. त्या पुढच्या खोलीत जाऊन पडदा सारायच्या, रस्ता पाहायच्या, परत स्वयंपाकघरात यायच्या. अर्धवट निवडलेली मेथी तशीच पडली होती. कुणीतरी गाडी लावत होतं. इंजिन बंद झालं, दार आपटलं. पावलं पलीकडच्या घरात गेली.

"आपला नको," त्या पुटपुटल्या. "देवा, आपला नको."

मागे खरडल्याचा आवाज आला. इर्मा जिन्याखालून फाटक्या गालिच्याचं गुंडाळं ओढत होती.

"अगं, काय चाललंय? या अवस्थेत ओढतेस काय? आणि आज? आज तू आग पेटवणार?"

"सहा वाजता," इर्मा म्हणाली.

"नाही! माझा मुलगा तिकडे... अपशकुन आहे तो. आज नको."

इर्मा गुंडाळ्यावरच बसली. धाप लागली होती तिला. "आई, मी सात वर्षांची होते तेव्हा माझ्या भावाला सैनिकांनी घरातून नेलं. डिसेंबर आला तरी पत्ता नव्हता. शेजारी म्हणाले, यंदा तुमच्याकडे नको. माझी आई म्हणाली, सैतान घरात येऊन बसलाय, आणि मी त्याला खुर्ची देऊ? तिनं त्या वर्षी सगळ्यांत मोठा जाळला."

"मग? भाऊ आला?"

"नाही," इर्मा म्हणाली. "पण त्या रात्री आई झोपली."

सुप्रभाताईंनी गुंडाळ्याचं दुसरं टोक उचललं.

त्यानंतर त्या झपाटल्यासारख्या कामाला लागल्या. फुटका लाकडी स्टूल, मोडकी फळी, कुबट उशा, जे हाताला लागेल ते मागच्या अंगणात. इर्मा म्हणाली, "उशा नको, धूर होईल," तर त्या म्हणाल्या, "होऊ दे." हात चालत होते तोवर कान बंद राहत. थांबल्या की रस्त्यावरची प्रत्येक गाडी त्यांच्याच दाराशी येत होती.

सहा वाजता इर्माने काडी लावली. ओली शिंगं आधी नुसतीच फुसफुसली. मग सैतानाच्या पोटातल्या कागदांनी एकदम पेट घेतला. ज्वाळा कुंपणाच्या वर गेली. इर्मा स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणत होती, पोटावर हात धरून, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

सुप्रभाताईंना रडू येईना. त्यांचा हात आपोआप तोंडाशी गेला आणि त्यांनी बोंब मारली. लहानपणी साताऱ्याला होळीपुढे मारायच्या तशी, पालथ्या हाताने तोंड बडवत, मोठ्यांदा. एकदा मारली, मग थांबेचनात. इर्माने दचकून पाहिलं, आणि मग तिनेही हात तोंडाला लावला. चौसष्ट वर्षांची सासू आणि आठव्या महिन्यातली गरोदर सून इल्फर्डच्या त्या इवल्याशा अंगणात बोंबलत राहिल्या.

पुढच्या दाराची घंटा वाजली.

दोघी गप्प झाल्या. घंटा पुन्हा वाजली.

"मी जाते," इर्मा म्हणाली.

"तू इथेच थांब."

पॅसेजमधून चालताना सुप्रभाताईंना दाराच्या धुरकट काचेपलीकडे काळा ओव्हरकोट दिसला. टोपी. उंच माणूस. कडी त्यांच्या बोटांना सापडेना. दार उघडलं तर शेजारचा ब्रायन, हातात पाण्याची बादली.

"मिसेस देवधर, किंकाळ्या ऐकल्या. धूर दिसला. मी पण दुपारी बातमी..." त्याने त्यांचा चेहरा पाहिला. "कुश?"

"अजून काही कळलं नाही," त्या म्हणाल्या, आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या. ब्रायनने बादली ठेवली आणि तो निमूटपणे मागे आगीकडे गेला. विझेपर्यंत तो तिथेच उभा होता.

इर्मा झोपली. सुप्रभाताईंना मात्र झोप लागली नाही.

फोन आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"आई? माझी आवाज येते का? मी ओके आहे, आई."

त्यांनी रिसीव्हर इर्माच्या कानाला लावला, पुन्हा स्वतःच्या कानाला लावला, काय बोलताहेत त्यांचं त्यांनाच कळेना. मग लक्षात आलं, पलीकडे कुश रडतोय.

"माझ्याच टीममधला होता, आई. एकोणीस वर्षांचा. मी ट्राय केला. खूप ट्राय केला."

"हो रे बाळा. हो."

काल दिवसभर आपण काय मागत होतो, ते सुप्रभाताईंना आठवलं. ते मिळालं होतं. दुसऱ्या कुठल्या तरी गावात, दुसऱ्या कुठल्या तरी दाराशी माणसं जाऊन उभी राहिली होती.

"त्याच्या आईचं नाव काय रे?" त्यांनी विचारलं.

"आईचं? मला नाही माहीत."

"विचारून ठेव. विसरू नकोस."

"का, आई?"

तेवढ्यात त्याची फोनची वेळ संपली आणि लाइन तुटली. इर्मा खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून हसत होती. सुप्रभाताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तिला पाणी दिलं, आणि संध्याकाळपर्यंत त्या या खोलीतून त्या खोलीत चालत राहिल्या.