विकल्पपत्रातला सातवा रकाना

रकाना पहिला. नाव: नरहर वामन दंडिगे. वय त्रेपन्न, हुद्दा नागपूर सचिवालयात हेडक्लार्क. इथवर सगळं खरं.

रकाना सातवा. छप्पन साली राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर मुंबई राज्यात गेलं. आपण मुंबई राज्यात राहणार, की नव्या मध्य प्रदेशात भोपाळला जाणार? कचेरीतली मराठी माणसं डोळे मिटून मुंबई लिहीत होती. नरहरपंतांनी भोपाळ लिहिलं. कारण: हवा मानवते. भोपाळ त्यांनी नकाशातसुद्धा धड पाहिलं नव्हतं.

खरं कारण रकान्यात मावणारं नव्हतं. पत्नी शशिकलाबाई सरकारी कन्याशाळेत शिक्षिका. आठ वर्षं दोघांत अबोला. संसार चालायचा स्वयंपाकघरातल्या पाटीवर. 'डाळ संपली.' खाली, 'कळलं.' घटस्फोटाचा कायदा नुकताच झाला होता खरा. पण कोर्टात उभं राहायचं म्हणजे पुन्हा बोलणं आलं. त्यापेक्षा बदली बरी. बदलीला अब्रू असते.

पाटीवर ही बातमी त्यांनी लिहिली नाही. फार हुशार माणूस.

ऑक्टोबरात ते भोपाळला पोचले आणि क्वार्टर मागायला गेले. वाटपाच्या टेबलावर अच्युत नावाचा इंदूरकडचा कारकून होता. त्यानं यादीवर बोट ठेवलं.

"मुबारक हो, पंत. वहिनींनीपण भोपाळच भरलंय की. मियाँ-बीवी दोघं नोकरीत, मग क्वार्टर एकच."

हा माणूस नागपूर सोडणार नाही, असा शशिकलाबाईंचाही हिशेब होता. त्यांनीही पाटीवर लिहिलं नव्हतं.

नोव्हेंबरात त्या टांग्यातून उतरल्या. वळकटी सोडली, तर आत पाटी.

दोन खोल्या, दोन वर्षं. मग दुसरा कागद आला. नरहरपंत पंचावन्न पुरे करणार. पेन्शन कुठल्या खजिन्यातून घेणार? सुटकेची ही शेवटची संधी. 'नागपूर'मधला 'ना' लिहून हात थांबला. एकदा पोळलेला माणूस. ते कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि चक्क तोंडानं बोलले.

"मी पेन्शन नागपूरला घेतली, तर तू काय करशील?"

आवाजाला दहा वर्षांचा गंज चढलेला. शशिकलाबाईंनी पोळी उलटली.

"मागच्या वेळी हे विचारलं असतंत, तर दोघंही सुटलो असतो." मग म्हणाल्या, "माझी अजून पाच वर्षं आहेत इथं. तुम्ही जा खुशाल."

खुशाल! नरहरपंत बाहेर येऊन बसले. सकाळी उठून नागपुरात काय करायचं, याचा विचार करू लागले. मंडईत जाऊ, पेपर वाचू. नंतर? नागपुरात अबोला धरायला तरी कोण होतं? एवढ्या वर्षांची सवय, ती काय भिंतींवर वापरायची?

'ना' खोडून त्यांनी भोपाळ लिहिलं. यंदा कारणाचा रकाना नव्हता. तो त्यांनी पाटीवर भरला: 'पेन्शन भोपाळ. हवा मानवते.'

संध्याकाळी खाली उत्तर होतं.

'कळलं. डाळ संपली.'