शशिधरचा पाय कुणी हलवला?

"हललं! हललं की वो!"

शिरोळातल्या पत्र्याच्या मांडवात एकच गलका उठला. उसाची ट्रॉली उलटून मणका मोडल्यापासून शशिधरचा पाय ओंडक्यासारखा पडून होता. तोच पाय आता नाडीनाथ महाराजांच्या तळहातावर थडथड उडत होता. त्याच्या आईच्या, शांतव्वाच्या, डोळ्यांना धार लागली. ह्या पायाला तिनं तेल चोळलं होतं, ओव्या ऐकवल्या होत्या, शिव्यासुद्धा घातल्या होत्या.

महाराज गर्दीकडे वळले. "नसेच्या पेशीत एक जीन असतो, मंडळी. दुष्ट! इजा झाली की पेशीला म्हणतो, मर! आमचं मंत्रजल त्याची बोलती बंद करतं. अमेरिकेत ह्याला जीन सायलेन्सिंग म्हणतात. त्यांना मशिनी लागतात, आम्हांला फुंकर पुरते!"

"विंग्रजी बी येतंय की महाराजांना!" मागून कुणीतरी म्हणालं.

मग पथ्य आलं. "नसेला कोंब फुटायलाय, माय. पोराला कुशीवर वळवायचं न्हाय. दवाखान्याचा व्यायाम बंद."

शांतव्वाला हे लगेच पटलं. ती ऊसवाल्यांच्या घरची. सरीत पुरलेली कांडी उगवेस्तोवर हलवायची नसते, डोळ्यातून फुटणारा कोवळा कोंब मोडतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक. लेकाला तिनं उताणा ठेवला, बेण्यासारखा जपला.

शशिधर तापानं फणफणू लागला. अंथरुणातून वास यायला लागला, तशी तिनं उदबत्ती लावली.

"अव्वा, वळव गं मला."

"नगं रं बाळा. कोंब मोडंल."

व्यायामाला पोरगा येईनासा झाला म्हणून कोल्हापूरच्या दवाखान्यातून डॉक्टर श्रुती स्वतः घरी आल्या. त्यांनी त्याला कुशीवर घेतलं आणि शांतव्वानं तोंडात पदर कोंबला. माकडहाडापाशी तळहाताएवढं मांस काळं पडून कुजलं होतं.

"दुखलं कसं न्हाय रं तुला?"

"तिथलं कळतच न्हाय की अव्वा."

"उताणंच पडून राहिल्यानं मांस मेलंय. आत्ताच्या आत्ता न्यायला हवं ह्याला," श्रुती म्हणाल्या.

शांतव्वा दार अडवून उभी राहिली. "न्हाय न्यायचं! पाय हललाय त्याचा. ह्या डोळ्यांनी बघितलंय मी!"

श्रुतींनी वाद घातला नाही. "शशिधर, डोळे मीट. पाय हलला की सांग." त्यांनी चवडा झटक्यात वर दाबला आणि तसाच धरला. ना पाणी, ना मंत्र. पाय थडथड उडू लागला. शांतव्वा बघत राहिली.

मिटल्या डोळ्यांनी शशिधर म्हणाला, "करा की सुरू, डॉक्टर."

पाय अजून उडतच होता. शांतव्वा दार सोडून लेकाच्या उशाशी येऊन बसली.

"मेंदूचा निरोप खाली पोचत नाही, मावशी. म्हणून ताण दिला की पाय आपोआप उडतो. नस उगवल्याची ती खूण नव्हे."

"मग ते जीनचं?"

"ते खरं आहे, म्हणून तर माणूस फसतो. पेशीला मारणारे काही जीन गप्प केले की जखमी नसा तगतात, नवे धुमारे धरतात. हे प्रयोगशाळेत, प्राण्यांवर दिसलंय. माणसासाठी औषध अजून झालेलं नाही. होईल तेव्हा होईल. तोवर हा जगायला तर हवा!"

शांतव्वा उठली. लेकाला उचलायला पहिला हात तिनंच लावला.

दवाखान्यात ताप उतरेना. जखमेचं विष रक्तात गेलंय, आत्ताच काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. शेजारच्या खाटेवर असंच पाय लुळे पडलेलं एक पोर निजलं होतं, आणि त्याची आई पिशवीतून मंत्रजलाची बाटली काढत होती.

शांतव्वानं तिचा हात धरला. "बाई गं, पाय उडाला म्हणून नाचू नगंस. लेकराला डोळं मिटाय सांग आन् पाय हलला का, ते त्यालाच इचार. आन् लेकराला वळवू नगं म्हणणारा परत्यक्ष देव असला, तरी त्याला इचार, का म्हणून? मी इचारलं न्हाय गं."