दोन आवाजांची रेकॉर्ड

मित्रांनो, मी एक जुनी रेकॉर्ड आहे. काळी, ताटाएवढी, मधोमध भोक असलेली. साठच्या दशकात विलायतेत दोन तरुण जोडीनं गायचे. त्यांची गाणी माझ्या अंगावरच्या बारीक रेघांत भरलेली आहेत. कारखान्यात गरम साच्यात दाबून मला घडवलं आणि हिंडत हिंडत मी एका दुकानाच्या काचेत येऊन बसले.

तिथून मला दोघी बहिणींनी घरी नेलं. थोरली टेलिफोनच्या कचेरीत कामाला होती, धाकटी अजून शिकत होती. दोघी माझ्यासमोर मांडी घालून बसायच्या आणि सुई मागे नेऊन नेऊन गाणी पाठ करायच्या. थोरलीनं खालचा आवाज उचलला, धाकटीनं वरचा. शब्द निम्मेच कळायचे, पण सूर असे जुळायचे की शेजारीण खिडकीतून विचारायची, "अगं, रेकॉर्ड गातेय की तुम्ही?" मी हरखून जायचे. पुढे त्यांचे कार्यक्रम होऊ लागले. लोक त्यांना 'जोडगोळी' म्हणू लागले.

मग एका वाद्यवृंदाच्या मालकानं धाकटीला एकटीलाच बोलावलं. खालचा आवाज त्याला नको होता.

"ताई, तू नको म्हणालीस तर नाही जात," बॅग भरता भरता धाकटी म्हणाली.

"जा की. मी कोण अडवणार? पण गेलीस तर मला तोंड दाखवू नकोस."

धाकटी बराच वेळ घुटमळली. मग जिन्यावर पावलं वाजली आणि दूर गेली.

थोरलीनं मला कपाटावर टाकलं आणि माझ्यावर जुन्या चादरींचा गठ्ठा. उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले. उष्म्यानं आणि ओझ्यानं मी वाकडी झाले. थोरलीचा संसार याच खोल्यांत झाला, लेक मोठी झाली, नवरा गेला. पण त्या घरात कुणी साधं गुणगुणलंही नाही.

एका संध्याकाळी नोकरीवरून आलेली लेक मोठ्या उत्साहात म्हणाली, "आई, एक जुनी जोडी सापडलीय मला! त्यांचे सगळे अल्बम पुन्हा काढलेत. ऐक तर!"

तिच्या हातात माझंच रूप होतं, पण कोरं करकरीत. खरं सांगते, मला त्या नवीचा हेवा वाटला. सुई टेकली. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. ओल्या हातांनी थोरली दारात आली आणि तिच्या तोंडून खालचा आवाज आपसूक निघाला.

"आई! तू गातेस?"

"दोघी गायचो. तुझी मावशी आणि मी."

लेकीनं सुई उचलली. "मला मावशी आहे?"

थोरलीनं ओले हात पदराला पुसले आणि सगळं सांगितलं. माझा हेवा तिथल्या तिथे विरला.

लेकीनंच शोधाशोध करून मावशीला गाठलं. रविवारी धाकटी आली. गळ्याभोवती रुमाल. बोलली ती घोगऱ्या, कुजबुजल्यासारख्या आवाजात. घशाची शस्त्रक्रिया होऊन बरीच वर्षं झाली होती.

"कळवलं का नाहीस गं?" थोरलीनं विचारलं.

"आधीच तू तोंड दाखवू नकोस म्हणालेलीस. त्यात आवाजही गेला. काय घेऊन येणार होते, ताई?"

लेकीनं नवी रेकॉर्ड लावली. थोरलीनं सूर धरला. धाकटीचे ओठ अगदी नेमके हलत होते, पण वरचा सूर त्या विलायती पोराचाच येत होता. कडवं संपायच्या आतच थोरली थांबली.

"गा ना. मला ऐकायचंय," धाकटी म्हणाली.

थोरलीला गाता येईना. तिनं बहिणीचा हात तेवढा घट्ट धरला.

मित्रांनो, आम्हाला आडवं रचू नका, वर ओझं ठेवू नका. उभं ठेवा, धूळ पुसा. पण मी वाकडी झाले तरी माझी गाणी पुन्हा निघाली, कारण कुणीतरी त्यांचं मूळ ध्वनिमुद्रण जपलं होतं. या दोघींचं गाणं कुणीच भरून ठेवलं नव्हतं. तुमच्या घरात कुणी कुणाशी बोलत नसेल, तर 'बघू पुढे' म्हणू नका. आजच दार वाजवा.

आता दोघी दर रविवारी भेटतात. लेक मध्येच विचारते, "मावशी, तुम्ही दोघी गायलात की कसं वाटायचं गं?" दोघी एकमेकींकडे बघतात. सांगता कुणालाच येत नाही.